घरी बनवलेल्या गिटार पेडलला सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर लावला की धूर का निघतो?

समजा, दारव्ह्यातल्या एखाद्या पोराने नेटवर सर्किट शोधून स्वतःच्या हाताने गिटारचा फझ पेडल बनवला. नागपूरच्या सीताबर्डीतून नाहीतर कुरिअरने पार्ट मागवले, व्हेरोबोर्डवर सोल्डर मारलं, जुन्या डब्याला भोकं पाडली. नऊ व्होल्टची ती चौकोनी बॅटरी लावली आणि पेडल पहिल्याच झटक्यात वाजला. आठवडाभर मजेत गेला. मग एका रात्री बॅटरी संपली, दुकानं बंद, आणि कपाटाच्या खणात एक जुना अडॅप्टर सापडला. पिन बरोब्बर बसली. पाच सेकंदांत जळका वास आणि पेडल गप्प.

हे इतक्या जणांच्या बाबतीत होतं की घरगुती पेडल बनवणाऱ्यांमध्ये याला जवळपास मुंजच समजतात. गंमत म्हणजे यात सोल्डरिंगची चूक नसते, सर्किटचीही नसते. चूक असते ती बाहेरून येणाऱ्या विजेबद्दलच्या एका समजुतीत. पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालतो, ही ती समजूत.

तर बाहेरच्या सप्लायवर पेडल चालवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, आणि हे सगळं असं उलटंपालटं का आहे, ते पाहू.

आधी नऊ व्होल्टच का?

गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारा, बाजारात आलेला पहिला गाजलेला पेडल म्हणजे १९६२ सालचा माएस्ट्रो फझ-टोन. तो दीड-दीड व्होल्टच्या दोन सेलवर चालायचा. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिसफॅक्शन’ या गाण्यात कीथ रिचर्ड्सने तो वाजवला आणि फझ जगभर पोहोचला. त्याच सुमारास ट्रान्झिस्टर रेडिओंमुळे नऊ व्होल्टची छोटी चौकोनी बॅटरी कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळू लागली होती. लहान आकार, वर दोन बटणं, क्लिप लावली की काम झालं. पेडलवाल्यांनी ती उचलली आणि तेच प्रमाण बनून बसलं. आज मुंबईतली ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशनसारखी कंपनी पेडल बनवते तेव्हाही जगाशी जुळवून घेण्यासाठी तिला याच नऊ व्होल्टच्या भाषेत बोलावं लागतं.

साधा फझ किंवा ओव्हरड्राइव्ह फार कमी वीज खातो. टीएल०७२ हा आयसी घेतला, जो अशा कित्येक सर्किटांत असतो, तर तो साधारण तीन मिलिॲम्पिअर घेतो. एलईडी धरला तरी सगळं मिळून पाच-सात मिलिॲम्पिअर. आपल्याकडच्या स्वस्त झिंक-कार्बन बॅटरीत तीनेकशे मिलिॲम्पिअर-तास वीज धरली, तर पेडल पन्नास-साठ तास चालतो. रोज तासभर वाजवणाऱ्याला ते दीड-दोन महिने पुरतं.

मग अडॅप्टरची गरजच काय? गरज दोन ठिकाणी पडते. एक म्हणजे इको किंवा डिले. त्यातला पीटी२३९९ हा आयसी, जो आपल्याकडच्या कराओके ॲम्प्लिफायरच्या इको बोर्डवर हमखास दिसतो, तो एकटाच वीस-तीस मिलिॲम्पिअर खातो. तिथे बॅटरी दहा-पंधरा तासांत बसते. आणि दुसरं म्हणजे कार्यक्रम. लग्नसराईतला ऑर्केस्ट्रा असो की गणपतीतला, गाण्याच्या मध्यावर बॅटरी बसली तर आवाज कुजबुजत मरतो आणि गिटारवाला सगळ्यांदेखत वाकून पायाखालचा डबा उघडत बसतो.

पिनच्या आत प्लस की मायनस?

मुख्य मेख इथे आहे. सेट-टॉप बॉक्स, राउटर, सीसीटीव्ही कॅमेरा, एलईडी पट्टी, या सगळ्यांच्या अडॅप्टरची गोल पिन बहुतेक वेळा ५.५ मिलिमीटर जाडीची आणि आत २.१ मिलिमीटरचं भोक असलेली असते. गिटार पेडलचीही तीच. म्हणून पिन बसते. पण या घरगुती वस्तूंमध्ये आतलं भोक प्लस आणि बाहेरची कडी मायनस असते. गिटार पेडलमध्ये बरोबर उलटं असतं. आत मायनस, बाहेर प्लस.

हा कुणाचा आडमुठेपणा नाही. त्यामागे एक साधी, आणि खरं तर हुशार, काटकसर आहे.

पेडलमध्ये बॅटरी आणि अडॅप्टर दोन्हीची सोय ठेवायची तर अडॅप्टर लावताच बॅटरी आपोआप सुटली पाहिजे. त्यासाठी अडॅप्टरच्या सॉकेटमध्ये एक छोटी पत्ती असते. पिन आत गेली की ही पत्ती ढकलली जाते आणि एक जोड तुटतो. पण नेहमीच्या स्वस्त सॉकेटमध्ये ही पत्ती फक्त बाहेरच्या कडीच्या जोडावर असते, आतल्या खिळ्यावर नाही. म्हणजे बॅटरीची जी तार तोडायची ती बाहेरच्या कडीच्या बाजूलाच हवी.

आता बॅटरीची मायनस तार आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेली असते. पेडलच्या इनपुटला मोनो नव्हे तर स्टिरिओ जॅक लावतात. बॅटरीची मायनस त्या जॅकच्या मधल्या कडीला जोडतात. गिटारची मोनो पिन आत गेली की ती मधली कडी आणि ग्राउंड यांना एकत्र जोडते आणि पेडल चालू होतो. पिन काढली की पेडल बंद. वेगळं बटण लागत नाही. (पेडल बंद केला तरी केबल तशीच ठेवली तर बॅटरी रात्रभर संपत राहते, ती यामुळेच.) मायनस तिकडे अडकली, म्हणून पत्तीने तोडायला उरली ती प्लस. प्लस बाहेरच्या कडीला गेली आणि मायनस आतल्या खिळ्याला. जपानच्या बॉस कंपनीने १९७७ पासून छोटे पेडल काढले, ते जगभर खपले आणि हीच रीत पक्की झाली.

घरी पेडल बनवताना अनेकांना वाटतं की आपण आपला सॉकेट सरळ घरगुती पद्धतीने जोडू, आत प्लस. जोडता येतो. पण मग मित्राचा खरा पेडल अडॅप्टर लावला की तुमचा डबा जळणार, आणि तुमचा अडॅप्टर मित्राच्या महागड्या पेडलला लावला की तो जळणार. एका स्टेजवर दोन रिती असणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. त्यापेक्षा जगाची उलटी रीतच बरी.

इथे आणखी एक बारीक गोष्ट. पेडलचा डबा धातूचा असतो आणि तो ग्राउंडला, म्हणजे मायनसला, जोडलेला असतो. सॉकेटची बाहेरची कडी मात्र प्लस आहे. त्यामुळे पत्र्याच्या शरीराचा सॉकेट डब्यात घट्ट बसवला की प्लस आणि मायनस थेट भिडतात. म्हणून पेडलला प्लॅस्टिकच्या बॉडीचा सॉकेटच लागतो. दुकानात तो मागताना हे सांगावं लागतं, कारण समोर बरेचदा पत्र्याचाच ठेवला जातो.

अडॅप्टरवरचं चित्र वाचायचं कसं?

अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरांत एक खूण छापलेली असते. मध्ये एक टिंब, त्याभोवती अर्धवट चंद्रकोर, आणि दोन्हीकडून रेषा निघून अधिक-वजा चिन्हांकडे गेलेल्या. टिंब म्हणजे पिनचं आतलं भोक, चंद्रकोर म्हणजे बाहेरची कडी. टिंबाची रेषा वजाकडे गेली असेल तर तो पेडलचा अडॅप्टर. अधिककडे गेली असेल तर तो घरातल्या बाकी वस्तूंचा.

पण चित्रावर विसंबू नये. दुरुस्तीच्या दुकानात बदललेली केबल, पुसलेलं लेबल, दोन वेगळ्या अडॅप्टरांची जोडलेली तार, काहीही असू शकतं. साधा मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवायचा, लाल टोक पिनच्या आतल्या भोकात, काळं टोक बाहेरच्या कडीवर. आकड्याआधी वजा चिन्ह आलं, म्हणजे उणे नऊच्या आसपास काही दिसलं, की आत मायनस आहे, पेडलला योग्य. वजा चिन्ह नाही म्हणजे उलटा. दहा सेकंदांचं काम आहे.

अडॅप्टर उलटा निघाला तर फेकायची गरज नाही. पिनजवळची केबल कापून दोन तारांची अदलाबदल करून पुन्हा जोडायची, प्रत्येक जोडावर वेगळी श्रिंक स्लीव्ह चढवायची. अर्थात अडॅप्टर भिंतीतून काढून. हे काम फक्त पिनकडच्या, कमी व्होल्टच्या तारेवर करायचं. अडॅप्टरचा ठोकळा फोडायचा नाही. का, ते पुढे येईलच. आणि बदललेल्या अडॅप्टरवर रंगीत चिकटपट्टी लावून ‘फक्त पेडल’ असं लिहून ठेवलं नाही, तर पुढचा बळी घरातला राउटर असतो.

नऊ लिहिलंय, पण येतंय किती?

आता व्होल्टेज. जुना, जड, काळा ठोकळा असलेला अडॅप्टर हातात घेतला की आत ट्रान्सफॉर्मर आहे हे वजनावरूनच कळतं. त्यावर ‘९ व्होल्ट, ५०० मिलिॲम्पिअर’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, पूर्ण पाचशे मिलिॲम्पिअर ओढले तर नऊ व्होल्ट. आपला पेडल ओढतो पाच. इतक्या हलक्या भाराला अशा अडॅप्टरमधून बारा ते चौदा व्होल्ट येऊ शकतात, कारण आतला कपॅसिटर एसीच्या सरासरीला नाही, तर शिखराला भरतो. त्यात भिंतीतली वीज २३० च्या वर गेली की इकडचा आकडाही वर सरकतो. रात्री उशिरा, गावातले पंप आणि कूलर बंद झाल्यावर, व्होल्टेज चढणं हे विदर्भात कुणाला नवीन नाही.

याने बिघडतं काय? टीएल०७२ ला काही होत नाही, तो छत्तीस व्होल्टपर्यंत सोसतो. पण काही पेडलमध्ये मॅक्स१०४४ किंवा आयसीएल७६६० नावाचा छोटा आयसी असतो, नऊ व्होल्टचे उणे नऊ किंवा अठरा बनवणारा. त्याची सहनशक्ती दहा व्होल्टच्या आसपास संपते. अडॅप्टरवर नऊ लिहिलंय म्हणून लावला आणि तो गेला, असं सर्रास होतं. शिवाय बोर्डवर दहा व्होल्टचे इलेक्ट्रोलाइटिक कपॅसिटर बसवले असतील तर तेही फुगतात. घरी बनवताना सगळे इलेक्ट्रोलाइटिक पंचवीस व्होल्टचे घेतले की हा प्रश्न मिटतो. दोन-चार रुपयांची बचत इथे करू नये.

हलक्या वजनाचे नवे अडॅप्टर, म्हणजे एसएमपीएस, बऱ्यापैकी नेमके नऊ व्होल्ट देतात. त्यांचा त्रास वेगळा आहे. ते आतून दर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात आणि त्या खटपटीचा अंश बाहेर झिरपतो. ती वारंवारता सहसा कानाच्या पलीकडची असते. पण फझ हे मुळात सगळं काही शेकडो पटींनी मोठं करणारं यंत्र आहे. दोन वेगवेगळ्या खटपटी एकमेकींत मिसळल्या की त्यांच्यातल्या फरकाची बारीक शिट्टी ऐकू येते.

आणि ॲम्पिअर? इथे मात्र भीती उलट दिशेने असते. ‘अडॅप्टर दोन ॲम्पिअरचा आहे, पेडल जळेल ना?’ हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. उत्तर, नाही. गच्चीवरची टाकी हजार लिटरची असली म्हणून नळ सोडताच हजार लिटर अंगावर येत नाही. नळ जितका उघडा तितकंच पाणी. ॲम्पिअर म्हणजे अडॅप्टरची ऐपत, सक्ती नव्हे. पेडलच्या गरजेपेक्षा आकडा जास्त असला तर चांगलंच. फक्त कुठे शॉर्ट झालं तर हीच ऐपत महागात पडते. बॅटरी शॉर्ट झाली की तिची ताकद लवकर मोडते. दोन ॲम्पिअरचा अडॅप्टर थांबत नाही, तो तार तापवतो आणि आयसीला भोक पाडतो. सुरुवातीला आलेला धूर तो हाच. उलट पिनमुळे आयसीच्या पोटातून उलटा प्रवाह वाहतो आणि मागे दमदार अडॅप्टर असतो. दोन ट्रान्झिस्टरचा अगदी साधा फझ अशा वेळी बरेचदा वाचतो, कारण त्यात प्रवाहाच्या वाटेत मोठे रेझिस्टर असतात. आयसीवाला वाचत नाही.

चार पार्ट आणि निर्धास्त झोप

यावर उपाय स्वस्त आहे, आणि तो सर्किट बनवतानाच करायचा असतो.

सॉकेटच्या प्लसवरून आत येणाऱ्या तारेत एक शॉटकी डायोड लावायचा, १एन५८१७. पट्टीची बाजू सर्किटकडे. डायोड एकाच दिशेने वीज जाऊ देतो, त्यामुळे पिन उलटी लागली तर पेडल नुसता गप्प बसतो. त्यात जेमतेम पाव व्होल्टच्या आसपास जातं, कानाला ते कळत नाही. काही जुन्या सर्किटांत डायोड असा रांगेत न लावता प्लस आणि मायनसच्या मध्ये आडवा लावलेला दिसतो, बहुधा १एन४००१. उलटी वीज आली की तो तिला स्वतःवर घेतो. बॅटरीच्या जमान्यात हे ठीक होतं. पण तो डायोड एक ॲम्पिअरचा, आणि समोरचा अडॅप्टर दोनचा. मग तो स्वतः जळतो, आणि जळून उघडा पडला की मागच्या सर्किटाची पाळी.

पुढचा शत्रू म्हणजे ‘घूंऽऽ’. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. डीसी करताना दोन्ही बाजूंचे हेलकावे वापरले जातात, म्हणून उरलेली लहर शंभरची होते. शंभर हर्ट्झ म्हणजे गिटारच्या जाड तारांच्या टापूतलाच खर्जातला सूर. बॅटरीत लहर नसते, म्हणून बॅटरीवर शांत असलेला पेडल अडॅप्टरवर गुणगुणतो.

डायोडनंतर शंभर ओहमचा रेझिस्टर रांगेत आणि त्यानंतर प्लस-मायनसमध्ये शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, की ही जोडी सोळा हर्ट्झच्या वरचं सगळं दाबायला लागते. शंभर हर्ट्झची लहर साधारण सहा पटींनी कमी होते. पाच मिलिॲम्पिअरच्या पेडलला त्यात अर्धा व्होल्ट गमवावा लागतो, तो सौदा परवडतो. पण हेच डोळे झाकून डिलेच्या सर्किटात केलं तर? तीस मिलिॲम्पिअर गुणिले शंभर ओहम म्हणजे तीन व्होल्ट गेले. तिथे रेझिस्टर दहा ओहमचा आणि कपॅसिटर हजार मायक्रोफॅरडचा घ्यायचा. गाळण तितकीच, तोटा एक दशांश. शेजारी ‘१०४’ नंबरचा एक छोटा सिरॅमिक कपॅसिटर लावला की एसएमपीएसची बारीक किरकिरही बरीच आटोक्यात येते.

दारव्ह्यासारख्या गावात मात्र सगळ्यात व्यवहारी मार्ग वेगळाच आहे. नेमका नऊ व्होल्टचा, आत मायनसवाला अडॅप्टर तालुक्याच्या बाजारात मागितला तर दुकानदार दुसरंच काहीतरी काढून देण्याची शक्यता जास्त. त्यासाठी यवतमाळ गाठा, नाहीतर ऑनलाइन. पण बारा व्होल्टचा अडॅप्टर? तो टीव्ही दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात आणि जवळपास प्रत्येक घरात पडलेला असतो. सेट-टॉप बॉक्स बदलले, राउटर बदलले, अडॅप्टर राहिले.

बारा व्होल्टला नऊ करायला ७८०९ हा तीन पायांचा रेग्युलेटर लागतो. लिहिलेली बाजू आपल्याकडे धरली तर डावा पाय आत येणारी वीज, मधला ग्राउंड, उजवा बाहेर जाणारे नऊ व्होल्ट. दोन्ही बाजूंना पायांजवळच एकेक छोटा कपॅसिटर, आत ०.३३ आणि बाहेर ०.१ मायक्रोफॅरड. रेग्युलेटरला काम करायला बाहेरच्यापेक्षा निदान दोन व्होल्ट जास्त आत लागतात. बारा आणि नऊमध्ये तीनचा फरक आहे, शॉटकी डायोडचा पाव व्होल्ट वजा केला तरी पुरतं. याच कारणाने नऊ व्होल्टच्या नेमक्या अडॅप्टरपुढे ७८०९ लावून काही उपयोग नाही. पेडल इतकी कमी वीज खातात की रेग्युलेटर कोमटही होत नाही. आणि बोनस म्हणजे तो लहर स्वतःच दाबतो, वरच्या गाळणीपेक्षा किती तरी जास्त. हे सगळं वेगळ्या छोट्या डबीत बसवून, बाहेर नऊ व्होल्ट आत मायनस अशी केबल काढली, की आहे त्या पेडलला हातही लावावा लागत नाही.

जुन्या रेडिओतला एसी१२८ आणि प्लस ग्राउंड

फझच्या नादी लागलेले लोक जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या शोधात असतात. १९६६ साली इंग्लंडमध्ये निघालेला फझ फेस हा गोल पेडल सुरुवातीला जर्मेनियमवरच होता. आणि या बाबतीत आपल्याकडची अडगळ श्रीमंत आहे. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे ‘बेल’, एकेकाळी एसी१२८ बनवायची आणि ते देशभरच्या ट्रान्झिस्टर रेडिओंत बसायचे. माळ्यावरच्या बंद रेडिओत फझ फेसचा ऐवज सापडणं अशक्य नाही.

पण एसी१२८ हा पीएनपी जातीचा. त्याच्या मूळ सर्किटात ग्राउंडला मायनस नाही, प्लस जोडलेला असतो. बॅटरीवर काहीच अडचण नाही. अडॅप्टरवरही एकटा असेल तर योग्य जोडणी करून चालतो. पण एकाच अडॅप्टरच्या फाट्यावर हा फझ आणि शेजारी नेहमीचा डिले लावला, की घात होतो. डिलेचं ग्राउंड म्हणजे अडॅप्टरचा मायनस. फझचं ग्राउंड म्हणजे अडॅप्टरचा प्लस. आणि दोघांच्या मधली गिटार केबल दोन्ही ग्राउंड एकत्र जोडते. म्हणजे आपण आपल्याच हाताने प्लस-मायनस शॉर्ट केले. वरचे डायोड-रेझिस्टर इथे काही वाचवत नाहीत.

अशा फझला बॅटरीच बरी. दोन-तीन मिलिॲम्पिअरही न खाणारं ते सर्किट, बॅटरी महिनोन् महिने जाते. शिवाय अनेक वादकांचं म्हणणं असं की थोडी उतरलेली स्वस्त झिंक-कार्बन बॅटरीच जर्मेनियम फझला शोभते. यात अंधश्रद्धा किती आणि खरं किती, हा वाद कधीच संपणार नाही. पण बॅटरी उतरली की तिचा आतला विरोध वाढतो आणि ट्रान्झिस्टरचा बायस सरकतो, त्यामुळे आवाज बदलतो एवढं खरं आहे.

लाइट गेली तर?

भारनियमनाच्या सवयीमुळे आपल्याकडे पर्याय आधीच तयार आहेत. राउटर चालू ठेवायला मिळणाऱ्या मिनी यूपीएसमधून बारा किंवा नऊ व्होल्ट निघतात, मात्र पिन आत प्लस असते, म्हणजे तारांची अदलाबदल आलीच. पॉवर बँकेतून पाच व्होल्टचे नऊ करणारी केबलही मिळते. पण पॉवर बँकेची एक खोड आहे. फार कमी वीज ओढली जात असेल तर तिला वाटतं मोबाइल भरून झाला, आणि ती झोपी जाते. पाच मिलिॲम्पिअरचा फझ तिला जागा ठेवू शकत नाही. दोन-तीन पेडल आणि एक डिले असेल तर ती जागी राहते.

नव्या जलद चार्जरमध्ये आणखी एक सोय लपलेली आहे. टाइप-सी पॉवर डिलिव्हरीवाले अनेक चार्जर मागितलं तर नऊ व्होल्ट देतात, कारण पाच, नऊ, पंधरा आणि वीस हे त्या पद्धतीतले ठरलेले टप्पे आहेत. ‘ट्रिगर बोर्ड’ नावाची नखाएवढी पट्टी ते मागण्याचं काम करते. मोबाइलच्याच चार्जरवर पेडल, हे आता खरंच शक्य आहे. वर सांगितलेली गाळणी मात्र लावायची, नाहीतर शिट्टी ऐकत बसावं लागेल.

विदर्भातल्या धुमाल पार्ट्या किंवा कोकण-मुंबईकडचे बँजोवाले गाडीवरच्या बॅटरीवर किंवा जनरेटरवर वाजवतात. गाडीची बॅटरी नावाला बारा व्होल्ट. इंजिन चालू असताना तिथे चौदाच्या वर आकडा असतो आणि सोबत अल्टरनेटरची, इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळही. तिथून थेट पेडलला वीज देऊ नये. ७८०९ मधूनच, आणि बॅटरीच्या प्लसजवळ फ्यूज टाकून. गाडीच्या बॅटरीची शॉर्ट-सर्किटमधली ताकद शेकडो ॲम्पिअरची असते, तिथे बारीक तार फक्त तापत नाही, पेटते.

इथे मात्र गंमत संपते

पेडल जळला तर नुकसान काही शे रुपयांचं. पण गिटारच्या धातूच्या तारा ब्रिजमधून थेट सर्किटच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात, आणि त्या तारांवर वादकाची बोटं असतात. म्हणजे पेडलच्या मायनसला जे होईल ते बोटांना होतं. अडॅप्टरचं खरं काम व्होल्टेज कमी करण्याइतकंच, भिंतीतले २३० व्होल्ट आणि ती बोटं यांच्यामध्ये भिंत उभी ठेवणं हेही आहे.

स्टेजवर ही भिंत पडली की काय होतं याची उदाहरणं आहेत. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वॉन्सी इथे स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वे, अर्थिंग नीट नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. एका हातात गिटार, दुसऱ्या हाताला माइक, आणि दोघांमधला फरक छातीतून गेला.

म्हणून एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. इंटरनेटवर ‘ट्रान्सफॉर्मरशिवाय ९ व्होल्ट’ अशा नावाने सर्किट फिरतात. भिंतीतल्या विजेला एक पिवळा किंवा तपकिरी कपॅसिटर, चार डायोड, एक झेनर, की झाले नऊ व्होल्ट. मल्टिमीटर खरंच नऊ दाखवतो. पण त्या सर्किटात भिंत नसतेच. त्याच्या प्लस आणि मायनस दोन्हीत फेज येऊ शकते. स्वस्त एलईडी बल्बमध्ये असंच सर्किट असतं, आणि ते तिथे चालतं कारण ते प्लॅस्टिकमध्ये बंद असतं, कुणी त्याला तारा जोडून हातात धरत नाही. गिटार पेडलसाठी हे सर्किट कधीही वापरायचं नाही. पेडलच्या डब्यातच ट्रान्सफॉर्मर बसवून मेन्सची केबल आत घ्यायची कल्पनाही घरगुती कामासाठी सोडून द्यावी. बंद, तयार अडॅप्टर घ्यावा, आणि भिंतीकडचं सगळं काम त्याच्यावर सोडावं. घेताना पाठीवर बीआयएसचा मानक क्रमांक आणि ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघावं. फुटपाथवरच्या बिननावाच्या अडॅप्टरमध्ये भिंतीच्या जागी कधी कधी नुसता चिकटपट्टीचा एक थर निघतो.

ॲम्प्लिफायरची तिसरी पिन कापून दोन पिनच्या बोर्डात घुसवण्याची सवयही तितकीच वाईट. श्रावण-भाद्रपदात मंडपाखाली ओली जमीन, पायात चप्पल नाही, आणि अर्थिंग कापलेलं. ‘घूं’ कमी झाला म्हणून अर्थिंग तोडणारे लोक आहेत. घूं कमी होतो हे खरं, पण त्याची किंमत फार आहे. ग्राउंड लूपचा घूं घालवायचा तर सगळी उपकरणं एकाच बोर्डवर, एकाच अर्थिंगवर घ्यावीत. मंडपाच्या लाइनला तीस मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आहे का, हे इलेक्ट्रिशियनला विचारायला लाजू नये.

तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर तेही हसण्यावारी नेऊ नये. काही एसएमपीएसमधून किंचित गळती होतेच, पण ती गळती आहे की बिघाड, हे बोटाने ठरवता येत नाही. वाजवणं थांबवायचं, आधी भिंतीतला स्विच बंद करायचा, मग गिटार खाली ठेवायची, आणि तो अडॅप्टर पुन्हा लावायच्या आधी दुसऱ्या अडॅप्टरवर तेच होतं का हे पाहायचं. दुसऱ्यावर होत नसेल तर पहिला कचऱ्यात. दोन्हींवर होत असेल तर दोष पेडलमध्ये नाही, खोलीच्या किंवा ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगमध्ये आहे, आणि ते काम वायरमनचं.